अल मन्सूरातली तालीम

गुरुवारी रात्री कतारमधल्या अल मन्सूरातल्या आमच्या दिवाणखान्यात सोफे भिंतीला लागतात आणि एकांकिकेची तालीम सुरू होते. सरकारचा एक रियाल नाही, तरी नाटक उभं राहतं. पण म्हणून ‘अनुदान कशाला, कला तशीही जगते’ असं कुणी म्हटलं की मला सहन होत नाही. आमचं पोट नाटकावर नाही! इथला कतार फिलहार्मोनिक वाद्यवृंद 2007 मध्ये कतार फाउंडेशनच्या पैशावर उभा राहिला. वादकांना पगार होता, म्हणून ते रोज वाजवू शकले. पुढे तेलाचे भाव कोसळले आणि 2016 च्या अर्थसंकल्पात या श्रीमंत देशालाही 15 वर्षांत प्रथमच तूट दाखवावी लागली. अशा वेळी कलेचा खर्च सगळ्यांना आधी दिसतो. पण ज्यांचं पोटच कलेवर आहे असे मला आठवतात ते नारायणगावच्या राहुट्यांतले तमाशाचे फड. तंबू, ट्रक, जनरेटर, शंभराच्या घरात माणसं. 2020 मध्ये करोनानं जत्राच बंद झाल्या आणि सुपाऱ्या गेल्या. फडमालक हंगामाआधी कलावंतांना उचल देतो, ती बहुतेकदा कर्ज काढून. सरकारचं अनुदान लांबलं, तरी त्या कर्जाचं व्याज थांबत नाही.