सायकल विकण्याआधी सीट वर करा



पहाटे वस्तीतून पेपर, दूध, गवंडीकामाची हत्यारे घेऊन सायकली निघतात. बहुतेकांची सीट इतकी खाली असते की गुडघे पोटाशी येतात. हेच बांधव रात्री कंबर दुखते म्हणून गोळी घेतात, पट्टा बांधतात आणि सायकल विकून हप्त्यावर गाडी काढायचे ठरवतात. माझे म्हणणे आहे, आधी पान्हा हातात घ्या.

सायकल पायांनी चालते असे आपल्याला वाटते, पण मोठा जोर खुब्यातून येतो. नितंबाचा मोठा स्नायू हा शरीरातला सर्वांत मोठा. पायडल खाली जाताना तो मांडी मागे रेटतो आणि मांडीचा पुढचा स्नायू गुडघा सरळ करतो. या जोराला टेकू मात्र पोटाचे आणि पाठीचे स्नायू देतात. ते ढिले असतील तर प्रत्येक पायडलला कंबर हलते. ओल्या फरशीवर उभे राहून कपाट ढकलावे, तसे होते.

सीट फार खाली असेल तर गुडघ्याच्या वाटीवर ताण येतो. फार वर असेल तर पाय पुरवण्यासाठी कंबर डावी-उजवीकडे झुलते. भगवंतांनी सोण थेरांना वीणेच्या तारेचा दाखला दिला होता, तो इथेही लागू पडतो.

भिंतीला धरून सीटवर बसा. पायडल अगदी खाली असताना त्यावर टाच ठेवली की पाय सरळ व्हावा. मग चवडा ठेवल्यावर गुडघा किंचित वाकलेला राहतो. सीटचा दांडा नळीत दोन-अडीच इंच तरी राहू द्या. पाय जमिनीला टेकत नाहीत, ही तक्रार येईलच. थांबताना सीटवरून पुढे उतरून एक पाय टेकायचा. थोड्या दिवसांत सवय होते. ‘पडेल’ म्हणून मुलींची सीट मुद्दाम खाली ठेवतात, ते तर बंदच करा.

विहारात वंदनेनंतर सतरंजीवर उताणे झोपून, गुडघे वाकवून कंबर वर उचलावी, पाच श्वास धरून ठेवावी. असे दहा वेळा केले तर हेच स्नायू बळकट होतात.

मात्र कॅरिअरवर दोन-दोन गोण्या वाहणाऱ्या भावाचे दुखणे सीटने जाणार नाही. तिथे मालकाकडे हातगाडी मागावी लागेल, आणि ती सर्वांनी मिळून मागावी.

पाय बधिर होत असेल, पायातली ताकद गेली असेल किंवा लघवीवर ताबा राहत नसेल, तर व्यायाम नको. त्याच दिवशी सरकारी रुग्णालय गाठा.