मौन म्हणजे नुसते न बोलणे नव्हे

गेल्या अंकातील ‘शांततेचे शब्द’ या लेखात मौन, शांत, स्तब्ध, निवांत हे सारे शब्द ‘आवाज नसणे’ या एकाच अर्थाच्या छटा म्हणून एका दावणीला बांधले आहेत. हे पटण्यासारखे नाही.

‘मौन’ हा शब्द ‘मुनि’वरून आला, मौन म्हणजे मुनीचा भाव. भगवद्गीतेच्या 17व्या अध्यायात तपाचे शारीर, वाङ्मय आणि मानस असे तीन प्रकार येतात. मौनाची जागा वाणीच्या तपात असेल असे कुणालाही वाटेल, पण गीतेने ते घातले आहे मानस तपात, मनाची प्रसन्नता आणि आत्मसंयम यांच्या पंगतीला! वाणीच्या तपात आहे ते सत्य, प्रिय आणि हितकर बोलणे. एवढा मोठा पुरावा लेखातून सुटावा, याची खंत वाटते.

‘शांत’ हा ‘शम्’ धातूचा. आधी काही पेटलेले, खवळलेले असावे लागते, मग ते शमते. म्हणून मराठीत वादळ शमते, तहान शमते, बंडही शमते. आवाजाचा संबंध इथे दुय्यमच.

‘स्तब्ध’ आणि ‘स्तंभ’ यांचा धातू एक, ‘स्तम्भ्’. मूळ अर्थ ताठ, खिळलेला. गीतेत तर स्तब्ध म्हणजे गर्विष्ठ.

‘निवांत’चे नाते ‘निवात’ म्हणजे वारा नसलेल्या जागेशी जोडतात.

‘अबोला’ आणि ‘शुकशुकाट’ हे अस्सल मराठी शब्द मात्र लेखात आलेच नाहीत. अबोला धरायला समोर आपले माणूस लागते. शुकशुकाट गल्लीत असतो, बाजारात असतो, माणसात कधीच नसतो.