पोराला पैशाबरोबर धीरही द्या



जुन्नर, नाशिक, नगरकडचा कांदा वाशीच्या बाजारात उतरतो. त्याच कांद्याच्या पट्टीवर शिकणारी आपली पोरे-पोरी तिथून जवळ नेरूळ, बेलापूर, खारघरला राहतात. कोणी वसतिगृहात, कोणी चौघांत एक खोली करून. भाव पडल्याची बातमी त्यांनाही लागते. मग पोरगा एक वेळची मेस बंद करतो आणि फोनवर सांगतो, 'सगळं बरं आहे.'

याच शहरात भूमिपुत्रांचीही पोरे शिकतात. 1970 नंतर नवी मुंबईसाठी 95 गावांच्या जमिनी घेतल्या गेल्या. जानेवारी 1984 च्या जासईच्या आंदोलनात पाच शेतकरी हुतात्मा झाले. ज्यांची शेती गेली, त्या घरांचा भरवसा आता पदवीवर आहे. एकाच्या घरी शेती तोट्याची, दुसऱ्याच्या घरी शेतीच उरली नाही. ओझे दोघांवर एकच: आता घर वर काढायचे ते तूच.

सरकारी गुन्हे नोंदणी विभागाचे 2022 चे आकडे पाहा. देशात शेतीवर जगणाऱ्या 11,290 जणांनी त्या वर्षी आत्महत्या केल्या. विद्यार्थी होते 13,044. त्यांतले 1,764 महाराष्ट्रातले, म्हणजे सर्व राज्यांत जास्त. पहिल्या आकड्यासाठी आपण रस्त्यावर उतरतो. दुसऱ्याबद्दल घरातसुद्धा बोलत नाही.

कर्ज फिटले नाही हा तुझा नाकर्तेपणा नव्हे, असे आपण शेतकऱ्याला गावोगाव सांगत आलो. मग पोराला का सांगत नाही? मराठी शाळेतून गेलेले पोर एकदम इंग्रजी पुस्तके, लोकलची गर्दी, खोलीचे भाडे आणि एकटेपणा यांत पडते. पहिल्या सत्रात विषय राहिला तर तो आळस नव्हे.

मी स्वतः कृषी पदवीच्या दुसऱ्या वर्षी दोन विषयांत नापास झालो होतो. चार महिने घरी बोललो नाही. झोप उडाली, प्रॅक्टिकलला जाणे सुटले. माझ्या फीसाठी वडिलांनी बैल विकला होता, ते डोक्यातून जात नव्हते. खोलीतल्या मित्राने ओढून सरांकडे नेले, सरांनी डॉक्टरकडे पाठवले. पुढे वडिलांना सांगितले तेव्हा ते एवढेच म्हणाले, "आधी का नाही बोललास?"

कांद्याच्या लावणीनंतर रोप मान टाकते. ते कोणी उपटून फेकत नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवशी आंबवणी देतो, मग ते मूळ धरते. पोराचे शहरातले पहिले वर्ष म्हणजे अशीच लावणी आहे.

पोरांनो, जेवण आणि झोप मोडून अभ्यास होत नाही. एका तरी मित्राला खरे सांगा. दोन आठवडे झोप लागत नसेल, कशात मन लागत नसेल, तर समुपदेशक किंवा डॉक्टर गाठा. 14416 हा टेलि-मानसचा सरकारी फोन आहे. फुकट, चोवीस तास, मराठीतून बोलता येते.

आईबापांनो, फोनवर आधी मार्क विचारू नका. घरचा हिशेब लपवू नका, पण कर्जाची फेड पोराच्या निकालावर टाकू नका. 'जगून काय करू' असे पोर बोलले तर नाटक समजू नका. त्याला एकटे सोडू नका, त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या.

कॉलेजांनाही जाब विचारू. 100 किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक हवा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने 25 जुलै 2025 रोजी दिला आहे. तो नेमला का, कुठे बसतो, हे पालक म्हणून लेखी विचारा.

या बैठकीत प्रत्येक तालुक्याने नवी मुंबईत शिकणाऱ्या आपल्या पोरापोरींची यादी करावी आणि त्यांची विचारपूस करायला एक कार्यकर्ता नेमावा. आणि माल घेऊन वाशीला जाल तेव्हा पट्टी घेऊन तसेच माघारी फिरू नका. पोराची खोली गाठा. त्याच्याबरोबर एक वेळ जेवा आणि त्याचे ऐका.