पानाचे चित्र करताना

भाईंदर पूर्वेस गोडदेव नाक्याच्या आसपास, जेथे आगरी वस्तीचे जुने गाव, स्टीलच्या भांड्यांचे गाळे आणि चार मजल्यांच्या सोसायट्या एकमेकांना खेटून उभ्या आहेत, तेथे झेरॉक्स, टायपिंग आणि ऑनलाइन फॉर्म अशी पाटी लावून बसलेल्या आमच्या वाचकांचा व्यवसाय वरकरणी किरकोळ दिसत असला, तरी परिसरातील बहुतेक कुटुंबांचे दप्तर कधी ना कधी त्यांच्याच टेबलावरून जाते, ही गोष्ट ध्यानात घेऊनच आम्ही या अंकात एका अगदी क्षुल्लक भासणाऱ्या कामाविषयी, म्हणजे पीडीएफच्या पानाचे जेपीजी चित्र करून देण्याविषयी, चार शब्द लिहीत आहोत.

हे काम आज बहुतेक ठिकाणी होते ते असे, की गिऱ्हाईक व्हॉट्सअॅपवर फाइल धाडते, दुकानदार शोधयंत्रात जे संकेतस्थळ प्रथम हाती लागेल त्यावर ती चढवतो, चित्र उतरवून घेतो आणि फॉर्मला जोडतो. ती फाइल मध्यंतरी कोणाच्या यंत्रावर जाऊन आली, तेथे तिची प्रत राहिली की पुसली गेली, याची चौकशी कोणी करीत नाही, आणि केली तरी उत्तर देण्यास पलीकडे कोणी बसलेले नसते. ‘एका तासात फाइल नष्ट होते’ अशी हमी काही स्थळे देतात; ती खरीही असेल, परंतु ती तपासून पाहण्याचे साधन ना आपल्यापाशी आहे ना गिऱ्हाइकापाशी.

आधारची गोष्ट घ्या. उतरवून घेतलेले ई-आधार कुलूपबंद असते. नावाची पहिली चार अक्षरे आणि जन्मवर्ष हा त्याचा परवलीचा शब्द गिऱ्हाईक भर दुकानात मोठ्याने सांगते, हे वेगळेच. पण पीडीएफचे चित्र झाले की ते कुलूप गळून पडते. त्यानंतर त्या चित्राच्या जितक्या प्रती होतील, तितक्या सर्वांना खुल्या. जेथे शेवटचे चार अंक दिसणारे झाकलेले आधार चालते, तेथे पूर्ण आधार मागणे आणि देणे दोन्ही गैर आहे. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा संसदेने २०२३ साली केला. पण दुसऱ्याचा दस्तऐवज ही अमानत आहे, एवढे समजण्यासाठी कोणालाही त्या कायद्याची वाट पाहावी लागली नव्हती.

दुसरी बाब अस्सल आणि नक्कल यांची. सोसायटीच्या मानीव अभिहस्तांतरणासाठी मौजे गोडदेव, तालुका व जिल्हा ठाणे येथील सातबारा घेऊन कोणी येतो, तेव्हा तो उतारा बहुधा डिजिटल स्वाक्षरीचा असतो. १ मे २०१८ पासून महसूल विभागाने सुरू केलेल्या या सोयीत १५ रुपये भरून मिळणाऱ्या त्या फाइलचे खरे मोल कागदावर दिसणाऱ्या मजकुरात नसून फाइलच्या पोटात असलेल्या स्वाक्षरीत आहे. तिचे चित्र केले की मजकूर दिसतो, स्वाक्षरीचा ठसाही दिसतो, पण पडताळता येण्याजोगी स्वाक्षरी नाहीशी होते. उरतो तो पडताळणी क्रमांक, तोही सुवाच्य राहिला तर. म्हणून चित्र मागितले तर चित्र द्यावे, परंतु मूळ पीडीएफ गिऱ्हाइकाच्या स्वाधीन करून, हेच अस्सल आहे, हे पुसू नका, असे त्यास बजावून सांगावे.

सुवाच्यतेचा मुद्दा मात्र सविस्तर सांगण्याजोगा आहे, कारण कार्यालयातून परत येणाऱ्या अर्जांपैकी पुष्कळांचे मूळ तेथे असते. पीडीएफचे पान हे मुळात चित्र नव्हेच. कोणते अक्षर कोठे आणि किती मोठे उमटवावे याच्या आज्ञांची ती यादी असते, आणि तिचे माप एका इंचास ७२ बिंदू असे धरलेले असते. त्या हिशेबाने ए-४ पान ५९५ गुणिले ८४२ भरते. एका बिंदूस एकच ठिपका देऊन चित्र काढले, तर साऱ्या पानाच्या वाट्यास पाच लाख ठिपके येतात, आणि इंचास ३०० ठिपके मागितले तर तेच पान २४८० गुणिले ३५०८, म्हणजे सुमारे ८७ लाखांचे होते. इंग्रजी अक्षर पहिल्या हिशेबात कसेबसे तग धरते. देवनागरीचा रफार, अनुस्वार आणि जोडाक्षराची गाठ तग धरीत नाही, आणि सर्व्हे नंबरातील १ की ९ हा प्रश्न तर तहसील कचेरीतील कारकुनाने तरी कसा सोडवावा? भर म्हणून जेपीजीची रीतच अशी, की ती चित्राचे आठ गुणिले आठ ठिपक्यांचे चौकोन पाडून त्यांतील बारकावे गाळते. चेहऱ्याच्या छायाचित्रास हे मानवते, काळ्या अक्षराच्या धारदार कडेस मानवत नाही. तीच फाइल उघडून पुन्हा जतन केली की पुन्हा गळती. मजकुराचे पान असेल आणि फॉर्म स्वीकारीत असेल तर पीएनजी बरी. जेपीजीच हवी असेल तर मूळ पीडीएफवरून ३०० ने एकदाच काढावी आणि हव्या त्या मापास एकदाच उतरवावी.

मापांच्या बाबतीत आमचे काही बंधू अतिउत्साही असतात. बँक भरतीच्या आयबीपीएस अर्जात छायाचित्र २० ते ५० केबी, सही १० ते २० केबी आणि हस्तलिखित घोषणापत्र ५० ते १०० केबी मागतात. त्यातील खालची मर्यादा वाचायचीच नाही आणि घोषणापत्रही सहीइतके आवळून ठेवायचे, ही कसली काटकसर?

हे सारे आपल्याच संगणकावर, फाइल दुकानाबाहेर न धाडता करता येते. पॉपलर, घोस्टस्क्रिप्ट ही साधने विनामूल्य आहेत. ज्यांना आज्ञा टंकित करण्याचा कंटाळा, त्यांनी गिंपमध्ये पीडीएफ उघडावी, ते उघडतानाच ठिपक्यांचे प्रमाण विचारते. जुन्या श्रीलिपीच्या फाइलींत फाँट समाविष्ट नसेल तर अक्षरांची खिचडी होते, तेव्हा चित्र सुपूर्द करण्यापूर्वी ते नजरेखालून घालावे. संध्याकाळी डाउनलोडचा कप्पा आणि संगणकाची कचरापेटी दोन्ही रिकामी करावीत.

यात वेळ जातो, ही तक्रार आम्ही ऐकून आहोत. अंतिम तारखेच्या रात्री, गिऱ्हाइकांची रांग फुटपाथवर आली असता आणि इंटरनेट रखडत असता, चित्र करण्यासाठी परक्या संकेतस्थळाच्या तोंडाकडे पाहत बसण्यात किती वेळ जातो, तोही तक्रारदारांनी एकदा घड्याळ लावून मोजावा.