नमुना घेतला, पोच कोण देणार?

आमच्या वस्तीच्या मागच्या अंगाला जुन्या बॅटऱ्या फोडण्याचे काम चालते. ट्रकच्या, रिक्षाच्या, इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या येतात, कुऱ्हाडीने फुटतात, आतले शिसे भट्टीत वितळते आणि त्याचे ठोकळे होऊन जातात. काम करणारे वस्तीतलेच. गेल्या पावसाळ्यात तिथे एक आरोग्य शिबिर झाले. गरोदर माता आणि पाच वर्षांच्या आतली लेकरे यांच्या रक्तातले शिसे मोजायचे आहे, असे आम्हाला सांगण्यात आले. काम चांगले म्हणून आम्ही व मंडळाचे कार्यकर्ते घरोघर फिरलो, नावे लिहून दिली, रांगा लावल्या. रडणारी पोरे मांडीवर धरली. प्रत्येक आईच्या हातात नंबर लिहिलेली एक चिठ्ठी देण्यात आली.

त्याला चार महिने झाले. परवा नळावर एका ताईंनी आम्हाला अडवले. "दादा, पोराचं रक्त नेलं. त्यात काय निघालं?"

आमच्याकडे उत्तर नव्हते. चौकशीला गेलो, तर अहवाल वर पाठवला आहे, एकेकाचे आकडे दिले जात नाहीत, असे सांगून आमची बोळवण करण्यात आली. आमची नोकरी कारकुनाची. आवक-जावक नोंदवहीत वीस वर्षे गेली. कोणाचा साधा अर्ज घेतला तरी त्याला पोच द्यावी लागते, हे आम्हाला नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात शिकवले गेले. लेकराच्या दंडातून रक्त घेतले, त्याला मात्र पोच नाही!

घरी येऊन आम्ही मिनामाताविषयीचे जुने वाचन पुन्हा काढले. ती हकिकत वाचकांना सांगावीशी वाटते, कारण आई आणि मूल यांच्या शरीरातले विष कसे मोजायचे आणि मोजल्यावर काय करायचे, हे दोन्ही प्रश्न तिथे फार महागात सुटले.

मिनामाता हे जपानच्या क्युशू बेटावरचे समुद्राकाठचे गाव. तिथे चिस्सो कंपनीचा रसायनांचा कारखाना होता. १९३२ पासून तो एका रसायनासाठी पारा वापरीत असे आणि सांडपाणी समुद्रात सोडीत असे. त्यात पाऱ्याचे अत्यंत घातक रूप होते. ते मासळीत साठले, मासळी कोळ्यांच्या ताटात आली. आधी मांजरे वेड्यासारखी गरगर फिरून मेली. मग एप्रिल १९५६ मध्ये एका पाच वर्षांच्या मुलीला कारखान्याच्याच दवाखान्यात आणले. तिला नीट चालता येईना, बोलता येईना. पाठोपाठ तिची धाकटी बहीण आली. १ मे १९५६ रोजी ही गोष्ट आरोग्य कार्यालयात नोंदली गेली. रोग सांसर्गिक आहे असे समजून शेजाऱ्यांनी ह्या कोळी कुटुंबांशी व्यवहार तोडले. दुकानदार त्यांच्या हातून पैसे घ्यायला कचरू लागले. हे कसे वाटत असेल ते आपल्या वाचकांना समजावून सांगायला नको.

त्याच वाड्यांत जन्मापासूनच अधू असलेली मुलेही होती. त्यांनी मासा तोंडात घातला नव्हता, म्हणून डॉक्टर म्हणत, हा मेंदूचा जन्मजात दोष आहे, ह्याचा त्या रोगाशी संबंध नाही. त्या वेळचे शास्त्र असे की, वार ही गर्भाची ढाल आहे, विष तिच्यापलीकडे जात नाही. १९६१ मध्ये मासाझुमी हाराडा नावाचे एक तरुण डॉक्टर घरोघर फिरत असताना त्यांना दोन भाऊ दिसले. थोरल्याला मिनामाताचा रोग, धाकट्याला वेगळा रोग, असा दाखला होता. आईने त्यांना सुनावले की मासा मी खाल्ला आणि तेव्हा हा पोटात होता. माझ्यातले विष ह्याने घेतले, म्हणून मी बरी आहे. पुस्तकात नव्हते ते त्या अशिक्षित बाईने सांगितले. डॉक्टरांनी ते हसण्यावारी नेले नाही, हा त्यांचा मोठेपणा. १९६२ च्या अखेरीस अशा सोळा मुलांचा रोग हा मिनामाताचाच, असे मान्य झाले. आज आपल्याला ठाऊक आहे की हा पारा वार ओलांडतो, आणि नाळेच्या रक्तात तो आईच्या रक्तापेक्षाही जास्त भरतो.

आता मोजणीचे. पारा केसातही उतरतो. केस महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर वाढतो, म्हणजे वीतभर केस ही दीड-दोन वर्षांची रोजवहीच समजा. १९६० ते १९६२ या काळात कुमामोतो प्रांताच्या सरकारी प्रयोगशाळेने त्या समुद्राकाठच्या कोळ्यांचे केस तपासले. सुमारे ५० पीपीएमपासून मोठ्या माणसांत रोगाची लक्षणे दिसू लागतात, असे मानले जाते. गोशोनौरा बेटावरच्या एका बाईच्या केसांत ९२० पीपीएम पारा निघाला. तो आकडा वहीत लिहिला गेला. तिला कोणी सांगितले नाही. ती आणि तिचे शेजारी तीच मासळी खात राहिले. सांडपाणी सोडणे १९६८ मध्ये थांबले, तेही ती जुनी पद्धतच बंद झाली म्हणून. आणि रोगाचे कारण सरकारने त्याच वर्षी अधिकृतपणे मान्य केले.

दुसरी मोजणी ह्याच्या उलट. जपानी घरांत मुलाची नाळ वाळवून लाकडाच्या लहानशा डबीत जपून ठेवण्याची रीत आहे. डबीवर नाव आणि जन्मतारीख लिहिलेली असते. आपल्याकडे नाळ पुरतात, तिकडे ठेवतात. हाराडांनी ह्या डब्या घरोघरून मागितल्या. मूल गर्भात असताना आईच्या अंगात किती विष होते, ते वीस वर्षांनी मोजायला दुसरा पुरावा कुठून आणणार? आयांनी नाळेचे तुकडे दिले. कारखान्याचे उत्पादन वाढले त्या वर्षांच्या नाळांत पाराही वाढलेला सापडला. ते निष्कर्ष १९७५ मध्ये प्रसिद्ध झाले. सरकारी वहीतला आकडा बाईपर्यंत पोहोचला नाही, पण बायकांनी घरात जपलेल्या डब्यांनी साक्ष दिली. कारकून म्हणून सांगतो, नाव आणि तारीख असलेल्या त्या डबीइतका चोख दप्तराचा नमुना आम्ही पाहिला नाही.

आता आपल्या शिशाकडे येऊ. शिसे पाऱ्यासारखे दणक्यात दिसत नाही, हीच त्याची मेख. मूल हसते-खेळते दिसते. पण अभ्यासात मागे पडते, एका जागी बसत नाही, मास्तर त्याला ढ म्हणतात. आणि आपल्या मुलांना ढ म्हणायला मास्तरांना फार कारण कधी लागले आहे? शिसे आईच्या हाडांत वर्षानुवर्षे साठून राहते. गरोदरपणी आणि अंगावर पाजताना हाडातला चुना बाळाकडे जाऊ लागला की त्याच्याबरोबर ते बाहेर पडते. म्हणजे मुलीने लहानपणी गिळलेली धूळ तिच्या लेकराच्या वाट्याला येऊ शकते. रक्तातली शिशाची अमुक एक पातळी निर्धोक, असे जागतिक आरोग्य संघटना सांगत नाही. २०२० मध्ये युनिसेफने प्रसिद्ध केलेल्या अहवालात जगातल्या सुमारे ८० कोटी मुलांच्या रक्तात डेसिलिटरला ५ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून अधिक शिसे असल्याचा अंदाज आहे. त्यातली सुमारे साडेसत्तावीस कोटी मुले भारतातली.

आपल्याकडे कोणी मोजलेच नाही असे नाही. १९९८-९९ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत मुंबई आणि दिल्लीतल्या तीन वर्षांच्या आतल्या मुलांचे शिसे तपासले होते. तेव्हा पेट्रोलमध्येही शिसे होते, ते देशभर २००० साली बंद झाले. पुढच्या पाहण्यांत हिमोग्लोबिन राहिले, रक्तदाब आला, साखर आली, शिशाचा रकाना मात्र गळला. रकाना नसला की कोणाला विचारायचे आणि काय विचारायचे, तेच कळेनासे होते.

आकडा सांगून उपयोग काय, बाया उगाच घाबरतील, असे एका सुशिक्षित गृहस्थांनी आम्हाला ऐकवले. घाबरतील हे खरे. म्हणून आकड्याबरोबर समजावणारे माणूसही हवे. पण शिशावरचा पहिला इलाज गोळी नसून विष येण्याची वाट बंद करणे हा आहे, आणि ती वाट आईला दाखवल्याशिवाय बंद कशी होणार? भट्टीवरून आलेल्या माणसाने कपडे बदलून, अंग धुऊन मगच लेकराला उचलावे. ते कपडे वेगळे धुवावेत. घर कोरडे झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसावे. पोटात लोह आणि चुना असेल तर शिसे कमी शोषले जाते, म्हणून पालेभाज्या, डाळी, नाचणी, जमेल तसे दूध द्यावे. आकडा ऐकून कोणी अंगावरचे दूध मात्र तोडू नये. ते डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. आणि भट्टी वस्तीतून हलवायची असेल, तर तोंडी तक्रारीने काय होते ते आम्ही गेली कित्येक वर्षे पाहत आहोत. कागदावर आकडा असेल तर वजन येते.

यापुढे आमच्या वस्तीत जो नमुना घ्यायला येईल, त्याला आम्ही आधीच विचारणार आहोत की आईला निकाल किती दिवसांत देणार आणि समजावून कोण सांगणार. ते लिहून दिल्यावरच नावांची यादी मिळेल. मंडळातल्या काहींना हे आडमुठेपणाचे वाटते. अशाने शिबिरे येणारच नाहीत म्हणतात. त्यावर पुढच्या बैठकीत बोलू.

त्या ताईंनी नंबराची चिठ्ठी रेशनकार्डाच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवली आहे. आणखी सव्वीस जणींच्या सापडल्या. काहींची शाई पुसट झाली आहे, म्हणून सगळे नंबर आम्ही एका कागदावर उतरवून घेतले, समोर आईचे नाव, मुलाचे वय, रक्त घेतल्याची तारीख. सोमवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आहे. माहितीच्या अधिकाराचा अर्ज घेऊन जाणार आहोत. दोन प्रती नेतो आहोत. एकीवर शिक्का घेऊनच परत येऊ.