ऐट, डौल आणि वारा

घाटातला तो किस्सा तुम्हीही ऐकला असेल. रविवारची सकाळ. कार्बनची महागडी सायकल, अंगाला चिकटलेली जर्सी, आरशासारखा चमकणारा गॉगल. आणि मागून कॅरियरला दुधाची किटली बांधलेले एक काका काळ्या जुन्या सायकलवर घंटी वाजवत येतात आणि या सगळ्या थाटाला मागे टाकून निघून जातात. आजवर निदान सहा जणांनी मला हा किस्सा ऐकवला आहे. काका तेच, किटली तीच, फक्त घाट बदलतो. कुणी बोपदेव सांगतं, कुणी खंबाटकी, कुणी कसारा. तात्पर्यही ठरलेलं: दिसण्यात काय आहे? पायात दम पाहिजे.

मला नवल वाटतं ते एकाच गोष्टीचं. हा किस्सा दर वेळी घाटातच का घडतो? सपाट रस्त्यावर, समोरून वारं असताना काकांनी त्या जर्सीवाल्याला गाठलं, असं कुणीच कसं सांगत नाही?

कारण तिथे तो घडतच नाही. घाटात ताशी दहा-बारा किलोमीटरच्या वेगाने चढताना झुंज असते ती चढाशी आणि वजनाशी. वारा नुसता बघत उभा असतो. सपाटीवर पस्तीस-चाळीसचा वेग धरला की तोच वारा आडवा येतो आणि पायातला बहुतेक जोर हवा बाजूला सारण्यातच जातो. वेग दुप्पट केला तर हवेचा विरोध चौपट होतो आणि त्याला पुरून उरायला आठपट शक्ती लागते. या हवेला सर्वांत जास्त अडवतो तो सायकलवर बसलेला माणूस, सायकल नव्हे. फडफडणारा शर्ट, ताठ छाती, बाहेर काढलेली कोपरं या सगळ्याचं भाडं वारा दर मिनिटाला वसूल करतो.

तेव्हा ‘दिसण्यात काय आहे’ या पक्षाला पहिलं उत्तर हे की, सायकलवर दिसण्यात पुष्कळ काही आहे. घट्ट जर्सी हा नखरा नाही. आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेने, म्हणजे यूसीआयने, शर्यतीत मोजे किती उंच असावेत याचाही नियम केला आहे: घोटा आणि गुडघ्याखालचं हाड यांच्या मध्यापेक्षा वर नाही. मोज्याच्या कापडानेसुद्धा वारा फसवता येतो, हे त्यांना ठाऊक आहे. एरवी कुणी मोज्यांवर पट्टी लावून मोजत बसलं नसतं.

पण या एका उत्तरावर समोरच्या दुसऱ्या पक्षाने लगेच टाळ्या वाजवू नयेत. हा पक्ष म्हणतो: प्रो दिसा, म्हणजे प्रो व्हाल. याची स्मृती-संहिता तोंडपाठ असलेले लोक प्रत्येक ग्रुपात सापडतात. हँडल सीटपेक्षा इतकं खाली हवं, मडगार्ड म्हणजे पाप, कॅरियर म्हणजे महापाप, पायावर केस असतील तर तुम्ही अजून नवखे. पावसाळ्यात यांच्या मागे चालवून पाहा. मडगार्ड नसलेल्या चाकातून उडणारा चिखल थेट तोंडावर येतो आणि त्यांचं सौंदर्यशास्त्र आपल्या दातांत कचकचतं.

या पक्षाला उत्तर द्यायला इतिहासच पुरेसा आहे. 23 जुलै 1989, टूर द फ्रान्सचा शेवटचा दिवस. व्हर्सायपासून पॅरिसपर्यंत 24.5 किलोमीटरची, घड्याळाशी एकट्याने झुंजण्याची शर्यत. लॉरां फिन्यों 50 सेकंदांनी पुढे. गोल चष्मा, डोकं उघडं, मागे बांधलेली सोनेरी केसांची शेंडी: पॅरिसला हवा तसा विजेता. त्याच्या मागे ग्रेग लेमाँड, डोक्यावर लांबट हेल्मेट आणि हातांखाली ट्रायथलॉनवाल्यांकडून उचललेलं, पुढे शिंगांसारखं आलेलं हँडल. जुन्या जाणत्यांना ते ध्यान विचित्र वाटलं. लेमाँडने तो टप्पा ताशी सुमारे साडेचोपन्नच्या वेगाने मारला, फिन्योंला 58 सेकंदांनी मागे टाकलं आणि तीन हजार दोनशे किलोमीटरहून अधिक लांबीची टूर अवघ्या 8 सेकंदांनी जिंकली. फिन्यों त्या दिवशी सीटवर बसणं नकोसं करणाऱ्या गळवाने बेजार होता, हेही सांगायला हवं. सगळा दोष शेंडीवर टाकणं न्यायाचं नाही. पण पुढे घड्याळाशी होणाऱ्या अशा शर्यतींतून साधं हँडल मागे पडत गेलं. त्या दिवशीचं ध्यान हेच नंतरचं रूप ठरलं.

ग्रॅहम ओब्रीची गोष्ट तर याहून बोलकी आहे. या स्कॉटिश गड्याने स्वतः बनवलेल्या सायकलीत वॉशिंग मशीनची बेअरिंग बसवली. हँडल आखूड करून छातीखाली घेतलं, हात पंखांसारखे दुमडले आणि थंडीत आखडलेल्या कोंबड्यासारखा तो त्यावर वाकला. जुलै 1993 मध्ये नॉर्वेत हामार इथे एका तासात 51.596 किलोमीटर कापून त्याने फ्रान्चेस्को मोझरचा नऊ वर्षं टिकलेला विक्रम मोडला. मग यूसीआयने त्या बसण्यावर बंदी घातली. ओब्रीने हात पुढे ताणून सुपरमॅनसारखी दुसरी बैठक शोधली आणि 1995 मध्ये परस्यूट या शर्यतीचं जागतिक विजेतेपद पुन्हा मिळवलं. मग तिच्यावरही बंदी आली.

या बैठकांची किंमत एकाच माणसाच्या दोन आकड्यांत मांडता येते. ख्रिस बोर्डमनने 1996 मध्ये सुपरमॅन बैठकीत तासाला 56.375 किलोमीटर कापले. पुढे नियम आला की, विक्रम हवा तर एडी मर्क्सने 1972 मध्ये मेक्सिको सिटीत वापरली तशी साधी सायकल आणि तशीच जुनी, देखणी बैठक घ्या. 2000 मध्ये बोर्डमन तशा सायकलवर बसला आणि 49.441 वर थांबला, मर्क्सपेक्षा फक्त दहा मीटर पुढे. मधल्या चार वर्षांत तो थकलाही होता, हे धरलं तरी जवळजवळ सात किलोमीटरचं अंतर उरतंच. पाठीच्या त्या सुंदर कमानीचं भाडं ते.

आता ‘प्रो दिसा’वाल्या पक्षाचा सर्वांत बळकट मुद्दा. कोप्पी, कोब्लेट, आन्केतिल या जुन्या गाजलेल्या सायकलपटूंचं काय? ते देखणेही होते आणि जिंकलेही. स्विस ह्यूगो कोब्लेटला तर ‘मोहिनी घालणारा पेडलवाला’ असंच नाव पडलं होतं. खिशात कंगवा घेऊन तो शर्यतीत उतरायचा. 1951 च्या टूरमध्ये ब्रीव्ह ते आजाँ या टप्प्यावर तो एकटाच सुटला. मागे कोप्पी, बार्ताली, बोबे अशा दिग्गजांनी पाठलाग केला. सव्वाशेहून अधिक किलोमीटर एकट्याने रेटून कोब्लेट अडीच मिनिटांहून जास्त आघाडीने पोहोचला, सायकलवरून उतरला आणि केस विंचरू लागला.

या प्रसंगाचा क्रम नीट पाहा. कंगवा नंतर निघाला. केस विंचरायला अडीच मिनिटं मिळाली ती आधीच्या सव्वाशे किलोमीटरांनी कमावून दिलेली. आपले ग्रुपवाले कंगव्यापासूनच सुरुवात करतात.

तरी ‘रूपाने वेग येतो’ हा युक्तिवाद शास्त्राच्या नावाने पुन्हा डोकं वर काढतो. पेडल गोल गोल, रेशमासारखं फिरलं पाहिजे. खाली दाबावं तसंच वर खेचावंही, म्हणजे चाल सुंदर आणि पाय कार्यक्षम. ऐकायला पटतं. पण 1991 मध्ये अमेरिकेत एडवर्ड कॉइल आणि सहकाऱ्यांनी अव्वल सायकलपटूंचा पेडलवरचा जोर मोजला, तेव्हा ते वर खेचण्यात इतरांहून सरस नव्हते. ते खाली जास्त जोराने दाबत होते. पुढे 2007 मधल्या एका प्रयोगात सायकलपटूंना मुद्दाम वर खेचायला लावलं. पेडलवरचं बळ अधिक नीट वाटलं गेलं, पण शरीराचा खर्च वाढला. त्यापेक्षा त्यांची नेहमीची, अंगवळणी पडलेली चालच काटकसरीची ठरली. ख्रिस फ्रूमची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. कोपरं बाहेर, मान खाली, नजर हँडलच्या मध्यावर खिळलेली. जाळ्यातल्या कोळ्याने सायकल शिकावी तसं दृश्य. 2013, 2015, 2016 आणि 2017, चार टूर त्याच्या नावावर आहेत.

इथवर खंडन झालं. दोन्ही पक्ष कोसळले, मग उरलं काय?

माझ्या मते आपल्याच भाषेत उरलं आहे. मराठीत ‘ऐट’ आणि ‘डौल’ हे दोन शब्द आहेत आणि निदान मी त्यांच्यात फरक करतो. ऐट आणता येते, मारता येते, दुकानातून बिलासकट घरी नेता येते. डौल चालीत असतो. बैल उभा असताना त्याचा डौल अर्धाच कळतो. तो चालू लागला की दिसतो. सायकलवर डौल म्हणजे त्या एका शरीराने फुकटचा खर्च थांबवणं. तो माणसागणिक वेगळा असणार, म्हणून त्याची नक्कल होत नाही.

म्हणजे रूप हे कारण नव्हे, लक्षण आहे. वैद्य जीभ पाहतो ती सुंदर आहे की नाही हे ठरवायला नव्हे. तुमच्या पुढे चाललेल्या सायकलस्वाराची कंबर प्रत्येक पेडलला डावी-उजवीकडे डुलत असेल तर त्याची सीट बहुधा उंच आहे, पाय खाली पुरत नाही. खांदे कानांशी आले असतील तर हँडल लांब किंवा खोल आहे. गुडघे बाहेर फेकले जात असतील तर सीट बुटकी असू शकते. असं पाहणं ज्याला येतं त्याच्यासाठी ‘दिसणं’ ही माहिती आहे. बाकीच्यांसाठी तो फोटो.

हे मला माझ्या बोटांनी शिकवलं. कुठल्याशा प्रो सायकलचा फोटो पाहून मी स्टेमखालचे तिन्ही स्पेसर, म्हणजे हँडल उंच ठेवणाऱ्या चकत्या, काढले, हँडल खाली टेकवलं. पाठ सपाट झाली, बायको म्हणाली, ‘आता खरा सायकलवाला दिसतोस.’ त्यानंतरच्या 200 किलोमीटरच्या बीआरएममध्ये, म्हणजे ठरलेल्या मुदतीत अंतर पुरं करण्याच्या राईडमध्ये, सव्वाशेच्या आसपास डाव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर झालं. चहाच्या टपरीवर पारले-जीचा पुडा फाडता येईना. शेवटी टपरीवाल्याने फाडून दिला. साडेतेरा तासांची मुदत होती. बारा तास पन्नास मिनिटांनी पोहोचलो, त्यातला किती वेळ हात झटकण्यात गेला ते मीच जाणतो. ज्या मेकॅनिककडे गेलो त्याने विचारलं, ‘पोट केवढं आहे आणि वाकता किती येतं?’ आणि दोन स्पेसर परत घातले. पुढची 200 बोटांसकट पूर्ण झाली.

एक कबुली देऊन टाकतो. नवी जर्सी घातली की पहाटे पाचला उठावंसं वाटतं आणि पहाटे पाचला उठवणारी कोणतीही गोष्ट मला वर्ज्य नाही. ऐटीला माझा विरोध नाही. तिच्या मापाने दुसऱ्याला मोजण्याला आहे, आणि तिच्यासाठी आपली बोटं गहाण टाकण्याला आहे. किटलीवाल्या काकांची ताठ बैठक त्यांच्या कामाला अगदी नेमकी आहे. किटली हिंदकळू न देता गल्लीतून जायचं तर तसंच बसावं लागतं. तोही डौलच. त्यांना किश्श्यातून मोकळं करा. त्यांना तुमच्याशी शर्यत लावायची नाही.

तेव्हा पुढच्या रविवारी ग्रुपात कुणी तुमच्या मोज्यांवरून, मडगार्डवरून किंवा हँडलच्या उंचीवरून टोमणा मारला तर त्याला आधी आपल्यामागे चिखलात चालवायला सांगा. आणि तुमची बोटं बधिर होत असतील तर काढून ठेवलेले स्पेसर ड्रॉवरमधून आजच बाहेर काढा. फोटो थोडा बिघडेल. बिघडू द्या.