गाडीचे वंगण आणि पातळ मीठ

दिवाळीच्या चार दिवसांत आपल्या घरी तेलाचा केवढा मान! पहाटे अंगाला, दिवसभर कढईत, संध्याकाळी पणतीत. पण दाराशी उभ्या असलेल्या स्कूटरच्या पोटातले तेल कोणत्या रंगाचे झाले आहे, हे वर्षभरात किती जणांनी पाहिले असेल? तेव्हा यंदा या पानावर त्या उपेक्षित तेलाविषयी लिहायचे मी ठरविले आहे. निमित्तही घरचेच आहे.

माझे धाकटे मेहुणे लातूरकडे शेती करतात. दसऱ्याला नांदेडास आमच्याकडे आले ते पिशवीतून एक चकचकीत बाटली घेऊनच. "दाजी, ही ट्रॅक्टरच्या आइलात वतली की इंजिन झिजतच नाही म्हणं. वाचून सांगा बरं, काय हाय त्यात?" बाटलीवर उधळलेला घोडा होता, दाव्यांची लांबलचक रांग होती, आत काय आहे, ते मात्र कुठेच नव्हते. ट्रॅक्टरचे दोन वर्षांचे हप्ते अजून राहिलेले, सोयाबीन निघून हरभरा-करडईची पेरणी तोंडावर आलेली. अशा वेळी इंजिन बसले म्हणजे हंगामच बसला. उत्तर विचार करून देणे भाग होते.

मुळात झीज होते कशी? आरशासारखे गुळगुळीत पोलाद सूक्ष्मदर्शकाखाली धरा, बालाघाटाचे डोंगर दिसतील. एका डोंगररांगेवर दुसरी उलटी ठेवून ओढली की शिखरे मोडणारच. मधे तेलाचा थर आला म्हणजे दोन्ही रांगा अधांतरी राहतात. आपल्या जुन्या माणसांनी हे पुस्तकावाचून ओळखले होते. आसाला वंगण घातल्याशिवाय बैलगाडी वाटेला लागत नसे आणि वंगणाचा नळा गाडीखालीच लोंबत असे. त्या कामी एरंडेल वापरीत, ते काही अडाणीपणाने नव्हे. एरंडेलाच्या रेणूत इतर तेलांत नसणारा एक हायड्रॉक्सिल गट असतो. त्याच्या बळावर ते धातूला चिकटून बसते. पहिल्या महायुद्धातील विमानांची फिरती इंजिने याच तेलावर चालली. कॅस्ट्रॉल हे नावसुद्धा कॅस्टर, म्हणजे एरंड, यावरूनच पडले. (आजीने नाक दाबून पाजलेले एरंडेल आठवून कोणी तोंड वाकडे करू नये!)

पण इंजिन सुरू होताना, किंवा नांगर दगडाला अडून भार एकदम वाढला म्हणजे, हा थर तुटतो. त्या क्षणासाठी कारखानदार तेलात जस्त, फॉस्फरस आणि गंधक यांचे एक संयुग घालून ठेवतात. १९४० च्या सुमारास आलेले हे रसायन उष्णतेने आणि दाबाने धातूवर काचेसारखे पातळ कवच चढविते. झिजायचे ते कवच झिजते, पोलाद वाचते. इतक्या वर्षांत याला तोडीस तोड दुसरे निघाले नाही. दोष एवढाच, की त्याची राख होते आणि त्यातला फॉस्फरस धूर शुद्ध करणाऱ्या उत्प्रेरकाला हळूहळू निकामी करतो. १ एप्रिल २०२० पासून आपल्याकडे भारत स्टेज सहाच्या मोटारी आल्या. त्यांची तर सारी भिस्त उत्प्रेरकावर! म्हणून शास्त्रज्ञ दुसरा उपाय शोधू लागले आणि तो सापडला कुठे, तर मिठात.

आपले स्वयंपाकाचे मीठ वितळायला ८०१ अंश सेल्सिअस तापवावे लागते. त्याचे धन आणि ऋण कण आटोपशीर. डब्यात रचलेल्या बेसनाच्या लाडवांसारखे ते घट्ट बसतात. आता त्यांतला एक कण मुद्दाम मोठा आणि वेडावाकडा केला तर? कडबोळी डब्यात कितीही रचा, नीट थर म्हणून लागत नाही. तसे हे मीठ साध्या हवेतही पातळच राहते. यालाच आयनी द्रव म्हणतात. पॉल वाल्डेन यांनी १९१४ साली बारा अंशांच्या आसपास वितळणारे असे एक मीठ नोंदविले. पुढे २००१ साली चीनमधील लांजोच्या संशोधकांनी ही मंडळी वंगणाच्या कामाला लावून पाहिली. अंगी विद्युतभार असल्याने ती धातूला घट्ट धरून राहतात. पण बहुतेक खनिज तेलात मिसळेनात, आणि ज्यांत फ्लोरिन होते ती दमटपणात आम्ल सोडून लोखंडच खाऊ लागली. रोगापेक्षा औषध भारी! २०१२ च्या सुमारास अमेरिकेतील ओक रिज प्रयोगशाळेने, जनरल मोटर्सच्या सहकार्याने, फॉस्फोनियमचे असे द्रव दाखविले की जे तेलात पुरते विरघळतात आणि शेकडा एकाच्या आसपास घातले तरी झीज आवरतात. त्यांत जस्त नाही, म्हणून जस्ताची राखही नाही. अडते ते किमतीपाशी.

मला स्वतःला अधिक कौतुक आहे ते डेहराडूनच्या भारतीय पेट्रोलियम संस्थेचे. वनस्पती तेलांत असतात त्या मेदाम्लांपासून तिथल्या संशोधकांनी आयनी द्रव बनविले आणि त्यांनी घर्षण व झीज कमी होते असे दाखविले. मेदाम्ले म्हणजे करडईच्या आणि सोयाबीनच्या तेलाचा गाभाच. लातूरला तेलबिया संशोधन केंद्र आहे, घाणे आहेत, गिरण्या आहेत. करडईची पिवळी राने मात्र सोयाबीनपुढे विरळ होत चालली.

बाटलीबद्दल मी मेहुण्यांना स्पष्ट सांगितले. चांगल्या इंजिन ऑइलमध्ये झीजरोधक, मळ धुणारी, गंज टाळणारी अशी अनेक रसायने प्रमाणात बसविलेली असतात. ती सारी धातूच्या त्याच पृष्ठभागावर जागेसाठी भांडतात. तयार आमटीत परक्याने न विचारता मूठभर मीठ टाकावे, तसे हे होईल. ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत दिलेल्या प्रतीचेच तेल घाला आणि सांगितलेल्या तासांना तेल आणि फिल्टर बदला.

"मंग दाजी, त्या पातळ मिठानं आमच्या करडईला भाव येतंय का?"

हे द्रव अजून बाजारात मुबलक नाहीत आणि स्वस्तही नाहीत. यंदाच्या पेरणीचा हिशेब त्यावर करू नका, एवढेच मी म्हणालो. दुकानदाराने बाटलीचे पैसे काही परत दिले नाहीत. बदली ऑइल फिल्टर दिला. तो चढवूनच मेहुण्यांनी ट्रॅक्टर रानात घातला.